सहा सरकारं, एक तारीख

२५ एप्रिल १९७४ च्या पहाटे पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या रस्त्यांवर रणगाडे उतरले आणि संध्याकाळी पंतप्रधान मार्सेलो कायतानो शरण आला. १९२६ पासूनची हुकूमशाही एका दिवसात संपली. बंदुकीच्या नळीत लाल कार्नेशन खोवलेल्या सैनिकांचे फोटो इतके गाजले, की पुढची दोन वर्षं त्या फुलांआडच झाकली गेली. सत्तापालटानंतरच्या हंगामी सरकारांबद्दल आपण जे गृहीत धरतो, त्यातलं बरंच काही त्या दोन वर्षांपुढे टिकत नाही.

पहिला समज म्हणजे ही क्रांती बिनरक्ताची होती. जवळजवळ तशीच होती; पण त्याच दिवशी गुप्त पोलिसांनी आपल्या मुख्यालयातून बाहेरच्या जमावावर गोळ्या झाडल्या, त्यात चौघं गेले.

दुसरा समज आपल्याकडेही ऐकू येतो : हंगामी सरकारने निवडणुका घ्याव्यात, बाकी कशाला हात लावू नये. कागदावर हे ठीक. पण आफ्रिकेतल्या वसाहतींत तेरा वर्षं लढाया चालू होत्या आणि त्यांना कंटाळूनच तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला होता. त्यांना थांबा म्हणणार कोण? मोझांबिक, अंगोला १९७५ मध्ये स्वतंत्र झाले. मार्च १९७५ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. गोव्याचंच पाहा. तो डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, तरी लिस्बनच्या लेखी पोर्तुगालचाच राहिला होता. भारताचं सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत सह्या झाल्या. आपल्याकडून यशवंतराव चव्हाणांची, त्यांच्याकडून मारियो सुआरेश यांची. सुआरेश ज्या सरकारचे परराष्ट्रमंत्री होते, ते कुणीही निवडून दिलेलं नव्हतं.

तिसरा समज सगळ्यात चिवट : खंबीर हंगामी सरकार असलं की देश सावरतो. पोर्तुगालमध्ये दोन वर्षांत सहा हंगामी सरकारं झाली. पहिले राष्ट्राध्यक्ष जनरल स्पिनोला सप्टेंबर १९७४ मध्ये पायउतार झाले आणि पुढच्या मार्चमधला फसलेला उठाव अंगाशी आल्यावर देश सोडून पळाले. टिकली ती फक्त तारीख. वर्षाच्या आत घटना समिती निवडू, असा शब्द उठाव करणाऱ्यांनी दिला होता. तो त्यांनी पाळला, २५ एप्रिल १९७५ ला. ९१ टक्क्यांहून जास्त मतदान झालं. ज्यांचं ठरत नाही त्यांनी कोरी मतपत्रिका टाकावी, असं लष्करी चळवळीतल्या काहींनी सुचवून पाहिलं. कोऱ्या आणि बाद मिळून जेमतेम ७ टक्के निघाल्या. सुआरेश यांच्या समाजवाद्यांना सुमारे ३८ टक्के मतं मिळाली, रस्त्यावर जोरात असलेल्या कम्युनिस्टांना साडेबारा. घोषणांचा खरा भाव त्या रात्री कळला.

म्हणून निवडणूक झाली की शांतता, असंही नाही. खरी धग त्यानंतरची. निवडून आलेली समिती घटना लिहीत होती, सत्ता मात्र लष्कराच्या हातात. नोव्हेंबरमध्ये बांधकाम मजुरांनी संसद भवनाला वेढा घालून प्रतिनिधींना आतच कोंडलं. थोड्याच दिवसांत सहाव्या सरकारने चक्क संप पुकारला : लष्कर आमचं ऐकत नाही, तोवर काम बंद! सरकारचा संप दुसरीकडे कुठे झालेला मला तरी आठवत नाही. २५ नोव्हेंबरला डाव्या छत्रीधारी सैनिकांचं बंड मोडलं, आणि बंड मोडणाऱ्यांच्या बाजूचेच मेजर मेलो आंतुनिश टीव्हीवरून म्हणाले की लोकशाही उभारायला कम्युनिस्ट पक्षही हवा. जिंकल्यावर हरलेल्याला खुर्ची ठेवणं, हे माझ्या मते त्या दोन वर्षांतलं सर्वांत शहाणपणाचं राजकारण.

घटना लागू झाली आणि पहिली संसद निवडली गेली तीही २५ एप्रिललाच, १९७६ साली. लष्कर मात्र लगेच बराकीत परतलं नाही. अधिकाऱ्यांचं ‘क्रांती मंडळ’ घटनेतच बसवलेलं होतं. संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवायचा अधिकार त्याच्याकडे १९८२ च्या घटनादुरुस्तीपर्यंत होता.