निसरड्या वाटेवरचे कुटुंब

लडाखच्या वाटेवर सुमारे ३,५०० मीटर उंचीचा झोजीला घाट आहे. थंडीत तेथील रस्त्यावर काचेसारखा बर्फाचा थर जमतो. चाकांना लोखंडी साखळ्या बांधल्यावाचून शहाणा चालक अशा वाटेवर गाडी घालीत नाही, कारण एकदा घसरलेली गाडी कड्याच्या आत थांबेल की बाहेर, हे कोणाच्याच हाती उरत नाही.

आपल्या बीदर-कलबुर्गीच्या सीमेवर बर्फ पडत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु वाचकहो, आपल्याकडेही बर्फ आहे. तो केवळ पांढरा नाही. उन्हाळाभर सडकेवर धूळ साचते, गाड्यांचे तेल गळते. मृगाची पहिली सर आली, की हे सारे धुऊन जात नाही, कालवले जाते. त्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल डांबरावर आणून टाकतात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत ज्याने पावसाळ्यात गाडी चालविली आहे, त्यास हा काळा बर्फ समजावून सांगण्याची गरज नाही.

थोडा हिशेब पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून सुमारे २० मीटरांत थांबते. त्याच ओल्या सडकेवर तिला सुमारे ३५ मीटर लागतात आणि बर्फावर १४० मीटरांच्या आसपास. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका क्षणात गाडी आणखी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते, ते निराळेच. वेग दुप्पट केला, तर थांबण्याचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरांनी ते आणखी लांबते.

पण घसरलेली गाडी उलटते का? नुसती घसरली, तर बहुधा उलटत नाही. ती आडवी सरकत असता चाक कशात तरी अडकते, तेव्हा ती उलटते. आपल्याकडे डांबराची कड संपली, की खाली काळ्या मातीची बाजूपट्टी असते. पावसात ती लोण्यासारखी मऊ होते. चाक तीत रुतते, वरचा भार पुढे धावतो आणि गाडी कोलांटी खाते. कित्येकदा चाक कडेखाली उतरताच चालक घाबरून स्टिअरिंग हिसका देऊन फिरवितो, आणि तोच हिसका घात करतो. चाक खाली उतरले, तर स्टिअरिंग सरळ धरावे, वेग कमी होऊ द्यावा आणि मग सावकाश वर यावे. हा एक नियम प्रत्येक घरातील चालकाने पाठ करण्यासारखा आहे.

उलटलेल्या गाडीतून माणसे वाचतात, हेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ३ जून २०२२ रोजी सकाळी कलबुर्गी जिल्ह्यातील कमलापूरजवळ गोव्याहून हैदराबादेस निघालेली एक खाजगी बस मालवाहू गाडीवर आदळली, पुलावरून खाली जाऊन उलटली आणि पेटली. तीत एका लेकराचा वाढदिवस गोव्यात साजरा करून परतणारे नातलग होते. किमान सात जण आगीत गेले; ज्यांना आग पसरण्याआधी बाहेर पडता आले, ते वाचले. बसमध्ये शिरताना आपण खिडकीची जागा शोधतो, पाण्याच्या बाटलीसाठी कप्पा शोधतो. संकटकाळचे दार कोठे आहे, हे मात्र कितीजण पाहतात? आसनावर बसण्यापूर्वी ते दार मुलांना बोटाने दाखवावे. त्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

मोटारगाडीत मात्र पहिला आधार पट्ट्याचा. कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीतील निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने तयार केला, आणि कंपनीने तो इतर सर्व कारखान्यांना वापरण्यास मोकळा ठेवला. गाडी उलटते तेव्हा सर्वांत मोठा धोका बाहेर फेकले जाण्याचा असतो. पट्टा माणसास आत धरून ठेवतो.

आपल्याकडे पुढे बसलेले पट्टा लावतात, तोही पोलीस दिसला म्हणून. मागे बसलेली आई, आजी आणि मुले तशीच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यास धडकली. गाडीत चौघे होते. पोलिसांच्या माहितीप्रमाणे मागील दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. ते दोघेही गेले. पुढे बसलेले पती-पत्नी जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी तीच, धडक तीच.

लेकरू मांडीवर आहे, आम्ही त्यास घट्ट धरू, असे आईस वाटते. तिच्या मायेविषयी शंका नाही. शंका हातांच्या बळाविषयी आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर १० किलो वजनाच्या लेकरास धरून ठेवण्यास सुमारे २०० किलोचा जोर लागतो. तो कोणाच्याही हातांत नसतो.

आणि जेथे पट्टाच नाही, तेथे काय? लग्नाचे वऱ्हाड, जत्रेकरी, ऊसतोडीची माणसे ट्रॉलीत किंवा मालाच्या टेम्पोत भरली जातात. २२ जानेवारी २०२५ रोजी उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूरजवळ सावनूरहून कुमट्याच्या बाजारास निघालेला भाजीपाल्याचा ट्रक दरीत उलटला. मालावर बसून निघालेले १० विक्रेते दगावले. गरिबाकडे दुसरे वाहन नसते, हे आम्ही जाणतो. परंतु लग्नाच्या मांडवावर खर्च करताना वऱ्हाडासाठी एका बसचे भाडे त्यात धरणे अनेक घरांना शक्य आहे, आणि त्या खर्चाविषयी यजमानाने कोणापुढे लाजू नये.

गाडी उलटलीच, तर काय करावे? प्रथम इंजिन बंद करावे. पट्ट्यात उलटे लोंबकळत असाल, तर एक हात छतास टेकवून मगच पट्टा सोडावा. नाहीतर डोके खाली आपटून मान दुखावते. रस्त्यावरून धावत आलेल्यांनी आग किंवा दुसरा धोका नसेल, तर जखमीस ओढून काढू नये. मान वाकू देऊ नये, बेशुद्धास पाणी पाजू नये, वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे, आणि ११२ किंवा १०८ वर फोन करावा. आग दिसली, तर मात्र क्षणही न दवडता बाहेर काढावे. ३० डिसेंबर २०२२ रोजी रुडकीजवळ क्रिकेटपटू ऋषभ पंत याची गाडी दुभाजकास धडकून उलटली आणि पेटली, तेव्हा हरयाणा परिवहनाच्या बसचे चालक व वाहक मदतीस धावले. तो २०२४ साली पुन्हा मैदानात उतरला.

पोलिसांचे झेंगट नको, म्हणून आपण पुढे होत नाही. ही भीती आता बाळगू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १३४-अ या कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तसेच ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्तास नेमलेल्या रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख रक्कम न भरता उपचार देण्याची केंद्र शासनाची योजना लागू झाली आहे. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत जखमीस ताटकळत ठेवू नये.

एखादे कुटुंब उलटलेल्या गाडीतून चालत बाहेर आले, की गावात म्हणतात, "देवाने राखले." आम्हीही तेच म्हणतो. पण त्याच गाडीत आजोबांनी निघताना सगळ्यांचे पट्टे तपासले असतील, मुलाने पावसात वेग चाळीसावर ठेवला असेल, सुनेने लेकरास मांडीवरून उचलून आसनावर बांधले असेल, तर देवाने राखले ते त्यांच्याच हातांनी. येत्या रविवारी बाजारास किंवा सोयऱ्यांकडे निघताना घरातील वडीलधाऱ्याने किल्ली फिरविण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे. सगळ्यांचे पट्टे लागले असतील, तर निघावे.