वाचनाची आणि गणिताची सवय

वाराणसी विभागातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने ६५ गावांत स्थानिक तरुणांनी शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग चालविले. ज्या मुलाला अक्षरओळखही नाही, त्याच्यापुढे चौथीचे पुस्तक ठेवणे व्यर्थच. म्हणून मूल अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट, कोठवर वाचू शकते, हे आधी पाहिले गेले. अनेक पालकांचा मात्र समज असा, की आपले मूल वाचू शकते! वर्गाला आलेल्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. परंतु येणारी मुले थोडीच होती. गणिताचीही सवय अशीच, मूल जेथे आहे तेथून लावावी लागते. दहा काड्यांची जुडी ते स्वतः बांधते, सोडते, आणि हातचा म्हणजे काय हे त्याला उमगते.