रक्त कुणाचं ऐकतं?

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. गावात त्यांना काठ्याच म्हणतात. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस ती उंच काठी अंगाशी कवटाळून चालतो आणि बघणाऱ्यांची नजर साहजिकच वर, शेंड्याकडे जाते. खरं नवल मात्र खाली, त्याच्या हातांत आणि पोटऱ्यांत चाललेलं असतं. हात आणि पाठ घट्ट आवळलेले, पाय मात्र चालते. शरीराच्या हिशेबात ही दोन कामं एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

चालताना पोटरीचा स्नायू आवळतो तेव्हा शिरांमधलं रक्त वर ढकलतो आणि सैल पडतो तेव्हा ताज्या रक्ताला वाट देतो. चालणारा पाय असा हृदयाचा भार उचलतो. पेलणाऱ्या हाताचं तसं नाही. तो सैल पडतच नाही, स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. जोर वाढला की आत ऑक्सिजन पोचणं जवळजवळ थांबतं. मग तो स्नायू चालतो कशावर? आधी क्रिएटिन फॉस्फेटवर, पण तो साठा काही सेकंदांचा. त्यानंतर स्नायूतच साठवलेलं ग्लायकोजेन ऑक्सिजनशिवाय फोडावं लागतं आणि त्यातून लॅक्टेट तयार होतं. तालमीत आणि जिममध्ये या लॅक्टेटची बदनामी अजून संपलेली नाही, पण ते विष मुळीच नव्हे. रक्तात उतरलेलं लॅक्टेट हृदय आनंदानं जाळतं. हातांनी टाकलेल्या मालावर हृदय धावतं, आणि चालणारे पायही त्यातला वाटा उचलतात.

आणि हे सारं मेंदूला कळतं कसं? आलम आणि स्मर्क या दोघांनी १९३७ साली एक साधा, पण फार हुशार प्रयोग केला. काम करणाऱ्या स्नायूचं रक्त त्यांनी पट्टा फुगवून अडवलं. व्यायाम सुरू झाल्यावर रक्तदाब चढला, यात विशेष काही नाही. पण व्यायाम थांबवल्यावरही तो पुरता उतरेना. पट्टा सोडला, तेव्हा कुठे उतरला. स्नायूत कोंडलेली रसायनं तिथल्या मज्जातंतूंना डिवचत होती, मज्जातंतू मेंदूपर्यंत तक्रार नेत होते आणि मेंदू दाब वाढवून रक्त आत घुसवायचा प्रयत्न करत होता. ही तक्रार आणि रोखलेला दम एकत्र आले की दाब कुठवर जातो, ते कॅनडातल्या मॅकडूगल यांनी १९८५ साली शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून मोजलं. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी आकडा आला ३२०/२५०. उस्ताद ‘दम कोंडू नकोस’ म्हणून ओरडतात ते उगाच नाही.

विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकतं, म्हणजे अंगातलं जवळपास सगळं रक्त मिनिटात एक फेरी मारतं. जोराच्या व्यायामात तरुण निरोगी माणसाचा हाच आकडा २० लिटरपर्यंत जातो. स्नायूंचा वाटा एरवी पाचवा हिस्सा असतो, तो तेव्हा ८० टक्क्यांवर पोचतो आणि आतडी, मूत्रपिंडं यांच्या वाट्याला कपात येते. त्या वेळी मेंदूकडून अंगभर एकच हुकूम सुटलेला असतो, की रक्तवाहिन्या आवळा. काम करणारा स्नायू तो धुडकावतो. त्याच्यातूनच निघणारी रसायनं आसपासच्या वाहिन्या सैल करतात. हुकूम वरचा असला, तरी रक्त शेवटी राबणाऱ्याचंच ऐकतं.

साखरेच्या बाबतीतही हाच खाक्या. संपूर्ण रक्तात साखर जेमतेम ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. जेवणानंतर ज्वारीच्या भाकरीतलं ग्लुकोज रक्तात आलं की स्नायूत शिरायला त्याला इन्शुलिन लागतं, त्यावाचून पेशीचं दार उघडत नाही. पण स्नायू आवळू लागला की ग्लूट-४ नावाची प्रथिनं इन्शुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. राबणाऱ्या स्नायूचं दार आतून उघडतं.

आपल्या लोकांना या दाराची गरज जरा जास्तच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. अंगानं सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या आत किती चरबी दडलेली असू शकते, हे त्या एका फोटोनं जगाला दाखवलं. अशा शरीरात इन्शुलिनचा अंमल लवकर ढिला पडतो. पण हाताशी असलेलं दुसरं दार बहुतेक वेळा शाबूत असतं, कारण मधुमेह झाला तरी आवळणारा स्नायू साखर ओढतोच.

त्यासाठी काठी पेलायची गरज नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी पायांचे स्नायू कामाला लागतात, आणि नेटानं केलेल्या व्यायामानंतर इन्शुलिनला मिळणारी साथ एक-दोन दिवस सुधारलेली राहते. त्यापुढे व्यायामाचा असर ओसरतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा करू नका. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. अशांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि चालायला निघताना खिशात गुळाचा खडा ठेवावा.