आवाज तासून टाकणारं यंत्र

लोखंडी पाय, खाली पायडल, वर लाकडी फळी. जुन्या सामानात असं काही दिसलं की शिवणयंत्र समजून माणूस पुढे जातो. फळीवर नीट पाहिलं तर सुईच्या जागी नळी टोकांनी धरून फिरवण्याची सोय दिसते आणि कानाला लावायच्या रबरी नळ्या लोंबत असतात. हा बेल-टेंटर ग्राफोफोन. शिवणयंत्राचा भास खराच आहे: अमेरिकन ग्राफोफोन कंपनीने ही यंत्रं ब्रिजपोर्टला, हाउ कंपनीच्या शिवणयंत्रांच्या जुन्या कारखान्यात बनवली.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला १८८० साली फ्रान्स सरकारचं ५०,००० फ्रँकचं व्होल्टा पारितोषिक मिळालं. त्या पैशांतून वॉशिंग्टनमध्ये व्होल्टा प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे त्याचा चुलतभाऊ चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी एडिसनच्या फोनोग्राफची खोट काढली. एडिसन कथलाच्या पातळ पत्र्यावर सुईने ठसा उमटवत असे. या दोघांनी पुठ्ठ्याच्या नळीवर मेण चढवून त्यात खाच कोरली. १८८६ साली पेटंट मिळालं. नळी सहा इंच लांब, व्यास सव्वा इंचाहून किंचित जास्त. ती दांडीवर चढत नाही, दोन्ही टोकांना धरली जाते. यंत्र ओळखायला एवढी खूण पुरे.

या यंत्रामागे पैसा लावणाऱ्यांत अँड्र्यू डिव्हाइन आणि जेम्स क्लेफेन होते. दोघेही लघुलेखक. बोललेलं उतरवून घेण्याचे कष्ट ज्यांच्या बोटांनी सोसले, त्यांनाच या यंत्राचं मोल आधी कळलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८८८ साली जेसी लिपिनकॉट याने ग्राफोफोनच्या विक्रीचे आणि एडिसनच्या फोनोग्राफचे हक्क घेऊन कंपनी काढली. यंत्रं वर्षाला ४० डॉलर भाड्याने कचेऱ्यांत जाऊ लागली. पण ती सारखी बिघडत, लघुलेखकांचा मोठा वर्ग विरोधात गेला आणि १८९४ साली कंपनी बुडाली. तोवर लोक नाणं टाकून त्याच यंत्रावर गाणी ऐकू लागले होते.

कचेरीतलं यंत्र मात्र संपलं नाही. कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीने १९०७ साली डिक्टाफोन हे नाव नोंदवलं. एडिसनचं यंत्र पुढे एडिफोन झालं. एव्हाना नळी, म्हणजे सिलिंडर, सबंध मेणाची, सव्वादोन इंच व्यासाची आणि सहा इंच लांब झाली होती. गाण्याचे सिलिंडर साधारण चार इंचांचे, त्यामुळे लांबीवरून कचेरीचा माल बहुधा ओळखता येतो.

डिक्टाफोन आणि एडिफोन यांतला फरक खाचांत आहे. डिक्टाफोनला दर इंचाला १६० खाचा, एडिफोनला १५०. पाव इंच मोजून भागत नाही, फरक दोन-तीन खाचांचाच पडतो. भिंगाखाली निदान अर्धा इंच मोजावा, ८० की ७५ ते कळतं. सिलिंडर नसला तरी अडत नाही. दांडीवर खडूची खूण करावी, ती हाताने फिरवावी आणि सुईची गाडी अर्धा इंच सरकेपर्यंत फेरे मोजावेत. पेटंटच्या पट्टीवरची शेवटची तारीख एवढंच सांगते की यंत्र त्याआधीचं नाही. पट्टीवरून वर्ष छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

त्यातूनही एखादं यंत्र कुठेच बसत नाही. तेव्हा बर्लिनच्या कार्ल लिंडस्ट्रोम कंपनीचा पार्लोग्राफ आठवावा. मराठी रेकॉर्डप्रेमींना माहीत असलेलं ओडियन हे नावही याच कंपनीच्या छत्राखाली होतं. पार्लोग्राफच्या विक्रीचं काम फेलिस बाउअर पाहत असे, आणि तिला पत्रं लिहीत असे लेखक फ्रान्झ काफ्का. जानेवारी १९१३ मध्ये त्याने तिला धंद्याच्या कल्पना सुचवल्या: हॉटेलांत, टपाल कचेऱ्यांत पार्लोग्राफ ठेवावेत, टेलिफोनला तो जोडावा.

पण या यंत्रांचा जीव होता तासण्यात. साहेब नळीत बोलत, टायपिस्ट कानाला नळ्या लावून मजकूर उतरवी, मग सिलिंडर तासणीच्या यंत्रावर चढे. धारदार पातं मेणाचा पापुद्रा काढत सरके, बारीक भुसा खाली पडे आणि पुढच्या पत्रासाठी गुळगुळीत पृष्ठ तयार. सिलिंडर दर वेळी थोडा बारीक होई. म्हणून गाण्यांचे सिलिंडर संग्रहालयांत भरपूर, पण एखाद्या साध्या मंगळवारी व्यापाऱ्याने सांगितलेलं पत्र क्वचितच सापडतं. मला त्या पत्रांची हळहळ जास्त वाटते. गवय्याचा आवाज जपायला कुणीतरी असतंच. रोजच्या कामाच्या बोलण्याला कुणी नसतं.

तेव्हा यंत्राबरोबर न तासलेला सिलिंडर मिळाला, तर तो लगेच लावून पाहू नये. जुन्या मेणाला बुरशी धरते आणि जड सुई एका फेऱ्यात खाच खरवडते. पाण्याने पुसूही नये. सुईशिवायही आवाज निघू शकतो. व्होल्टा प्रयोगशाळेची ध्वनिमुद्रणं स्मिथसोनियन संग्रहालयात शतकाहून अधिक काळ मुकी पडून होती. बर्कलेच्या शास्त्रज्ञांनी सुई न टेकवता, खाचांची सूक्ष्म छायाचित्रं घेऊन संगणकाकरवी त्यातला आवाज काढला. १५ एप्रिल १८८५ या तारखेच्या मेणाच्या तबकडीतून २०१३ साली खुद्द ग्रॅहॅम बेलचा आवाज ओळखू आला.