जुना आरा मळ्यात बसवताना

मागच्या महिन्यात आपल्या रेडिओकडे एका बचत गटाचं पत्र आलं. त्यांच्या तालुक्याच्या गावची एक सॉमिल बंद पडली आहे. मालक थकले, मुलं शहरात. मोठा पट्टीचा आरा, ट्रॉली, रूळ, मोटर असं सगळं स्वस्तात मिळतंय. गटातल्या एका ताईंचे दीर म्हणतात, गटाने कर्ज काढावं, आरा आमच्या मळ्यात बसवू, बांधावरची झाडं कापू, आसपासच्या गावांचं लाकूडही कटाईला येईल. बायांनी विचारलंय, यंत्र घ्यावं का? आणि घेतलं तर कसं बसवावं?

माझ्या माहेरी आरा होता आणि लग्नापर्यंत त्याची वही मीच लिहायचे, म्हणून हे पत्र माझ्याकडे आलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, पण पहिल्याचं आधी द्यायला हवं, कारण तिथे तुमचे पैसे बुडू शकतात.

पिठाची गिरणी घेतली आणि बसवली, तसं आऱ्याचं नाही. लाकूड कापणारी गिरणी चालवायला वन विभागाचा परवाना लागतो. जंगलतोडीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये सांगितलं की केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय कोणत्याही राज्याने नव्या सॉमिलला मुभा देऊ नये. पुढे २०१६ साली केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि हा निर्णय राज्य पातळीवरच्या समितीकडे आला. आपल्या भागात लाकूड किती उपलब्ध आहे, आधीच्या गिरण्यांना किती लागतं, हे पाहून समिती ठरवते. त्यामुळे नवा परवाना सहज मिळत नाही. बंद सॉमिलचं यंत्र स्वस्त का मिळतं, याचं एक कारण इथे आहे. परवान्याशिवाय तो आरा म्हणजे वजनावर विकायचं लोखंड.

आता नीट ऐका. परवाना यंत्राला चिकटलेला नसतो. तो एका माणसाच्या नावावर आणि एका जागेसाठी असतो. यंत्र विकत घेतलं म्हणून परवाना तुमचा होत नाही, आणि परवाना नावावर करून घेतला तरी आरा गावातून उचलून मळ्यात नेता येत नाही. दोन्हीला वेगळी मंजुरी लागते, जंगलापासून जागा किती लांब तेही पाहिलं जातं. म्हणून विसार द्यायच्या आधी मालकांकडून परवान्याची प्रत मागून घ्या. शेवटचं नूतनीकरण कधी झालं ते बघा आणि ती प्रत घेऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी 'होऊन जाईल' हे उत्तर कुणाकडूनही घेऊ नका, दिरांकडूनही नाही. पत्रात एक गोष्ट मला खटकली. कर्ज गटाच्या नावावर, जमीन दिरांच्या नावावर, आणि परवाना कुणाच्या नावावर ते लिहिलेलंच नाही. उद्या विनापरवाना म्हणून यंत्र जप्त झालं, तर हप्ता कोण भरणार? हे कागदावर ठरल्याशिवाय अध्यक्षांनी सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीची परवानगी थोडक्यात सांगते. शेतजमिनीवर गिरणी म्हणजे बिनशेती वापराचा प्रश्न येतो, तो तहसील कचेरीत विचारा. ग्रामपंचायतीची ना-हरकत लागेल. विजेचं मात्र लक्षात ठेवा. शेतीपंपाच्या जोडणीवर आरा चालवायचा नाही. २००३ च्या वीज कायद्यात कलम १२६ आहे. एका कामासाठी घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरली तर दुप्पट दराने आकारणी होते. आऱ्याला थ्री फेज जोडणी आपल्या नावाने आणि त्याच कामासाठी घ्यायची.

आता समजा, परवाना आणि जागेची मंजुरी हातात आली. मग यंत्र बघायला जा, आणि आरा चालवलेला एक जुना मिस्त्री सोबत न्या. तरी काही गोष्टी तुमच्या तुम्हाला कळतील.

पट्टीच्या आऱ्याला दोन मोठी बिडाची चाकं असतात, एक वर, एक खाली, आणि त्यांच्यावरून पोलादी पट्टी फिरते. बीड वाकत नाही, तडकतं. पट्टी उतरवून घ्या आणि लहान हातोडीने चाकावर सगळीकडे हळू ठोका. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर चाक बरं. एखाद्या जागी फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, तर तिथे चीर आहे. तसं चाक वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि घरी या. मग चाकाच्या कडेजवळ खडू स्थिर धरून चाक हाताने सावकाश फिरवा. खडू सगळीकडे सारखा लागला तर चाक सरळ फिरतंय. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला सुटला, तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा बेअरिंग गेलंय. बेअरिंग बदलता येतं, फार महाग नाही. शाफ्ट आणि चाक महाग.

झाकणं आहेत का ते बघा. यंत्र बंद पडलं की पत्र्याची झाकणं आधी भंगारात जातात, कारण ती कुणाला यंत्राचा भाग वाटतच नाहीत. नसतील तर ती नवी करून घेण्याचा खर्च किमतीत धरा.

बसवताना सगळं पायावर अवलंबून. ट्रॉलीवर ओंडका पुढे येतो, पट्टी त्यातून जाते. आरा थरथरला की फळी लाटेसारखी येते आणि पट्टी लवकर तडकते. काळ्या मातीत तर पाया खोलच न्यावा लागतो, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खणा, काँक्रीट भरा, बोल्ट आधीच साच्यात उभे करा. मग चांगलं पाणी मारा. काँक्रीटला पुरती ताकद यायला साधारण २८ दिवस लागतात. आठव्या दिवशी यंत्र चढवायची घाई पुरुषमंडळी करतात, ती करू देऊ नका. वरचं आणि खालचं चाक एका रेषेत आहे का ते ओळंबा सोडून बघायचं, रूळ पाणसळीने आणि ताणलेल्या दोरीने. रूळ एका टोकाला अर्धा इंच खाली गेला, तर प्रत्येक फळी एका टोकाला जाड निघेल आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही.

वेगाचा हिशोब गटातल्या कुणीही करावा, तो गुणाकार-भागाकारच आहे. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, तिची पुली ६ इंची आणि आऱ्याची १२ इंची, तर आरा ७२० फेरे घेईल. ३६ इंची चाकाचा घेर सुमारे ११३ इंच, म्हणजे साडेनऊ फुटांच्या आतबाहेर. त्याला ७२० ने गुणलं की पट्टी मिनिटाला पावणेसात हजार फूट धावते. हे चालण्यासारखं आहे. पण जुने आरे पुष्कळदा आधी इंजिनवर चालायचे, मग कुणीतरी मोटर जोडली. घरात पडलेली ८ इंची पुली मोटरला लावली, तर फेरे ९६० होतात. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण चाकाला फाकवणारा ताण जवळजवळ पावणेदोन पट होतो. जुन्या बिडाच्या चाकाला हे सोसेलच असं नाही. चाकावर किंवा पाटीवर बनवणाऱ्याने फेरे कोरले असतील तर त्यापुढे जायचं नाही. 'जरा फास्ट करू' म्हणणाऱ्याच्या हातात पुली देऊ नका.

पट्टीऐवजी गोल चकतीचा आरा मिळाला तर? तो बसवायला सोपा, पण लाकूड जास्त खातो. पट्टीची चीर साधारण पाव सेंटिमीटर ते तीन मिलिमीटरची, मोठ्या चकतीची त्याच्या दुप्पट. एका ओंडक्यात आठ चिरा घेतल्या, तर पट्टीने इंचभर लाकडाचा भुसा होतो, चकतीने दोन इंचांचा. म्हणजे एक अख्खी फळी गेली. शिवाय चकतीत लाकूड चिमटलं की ते मागे, माणसाच्या पोटाकडे फेकलं जातं. म्हणून चकतीच्या मागे चीर उघडी ठेवणारी पोलादी पात असलीच पाहिजे.

आता जिवाचं बोलते. पट्टी कधीतरी तुटतेच. ती तुटली की चाकाच्या रेषेत झेपावते, त्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, मुलांना तर शेडमध्येच घ्यायचं नाही. बटण बंद केलं म्हणजे आरा थांबला असं नाही. जड चाकं बराच वेळ फिरत राहतात, आवाज कमी झाला की माणूस फसतो आणि भुसा काढायला हात घालतो. बोटं जातात ती अशी. १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलं होतं की चालू यंत्राचं तेल-पाणी, साफसफाई बायांनी आणि पोरांनी करू नये. माझं म्हणणं, ती पुरुषांनीही करू नये, बोटं त्यांनाही दहाच असतात. पदर, ओढणी, मोकळी वेणी, सैल बांगड्या आऱ्यापाशी नकोत. हातमोजेही नकोत. मोजा दातात अडकला की हात घेऊन जातो. नाकातोंडाला मात्र बांधायलाच हवं. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच सांगितलं आहे.

बांधावरच्या झाडांचं सांगते. कडुनिंब, बाभूळ, आंबा, यांना कुंपणाची तार ठोकलेली असते, पाट्या लावलेल्या असतात. झाड वाढतं आणि खिळा पोटात घेतं. धावत्या पट्टीला तो लागला की दात गेले, कधी पट्टीच गेली. बाभळीसारख्या लाकडात लोखंडाभोवती निळसर काळा डाग पडतो, तसा डाग ओंडक्याच्या तोंडावर दिसला तर तेवढा बुंध्याचा तुकडा सोडून द्या. आणि झाड आपलं असलं तरी तोडायला परवानगी लागू शकते. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा १९६४ चा आहे. साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह ही झाडं त्याच्या यादीत आहेत. कटाईला येणाऱ्या प्रत्येक ओंडक्याची नोंद वहीत हवी, तो कुठून आला त्याच्या कागदासकट. वन विभागाचे लोक ती वही तपासतात. ही वही गटातल्या बाईने लिहावी. जिच्या हातात वही असते, तिला विचारल्याशिवाय धंदा चालत नाही.

माप कसं घेतात तेही शिकून घ्या, हे आरा नसला तरी उपयोगी पडेल. ओंडक्याच्या मधोमध दोरी गुंडाळून गोलाई घ्यायची, तिचे चार भाग करायचे, एका भागाला त्यानेच गुणायचं आणि मग लांबीने. गोलाई ४० इंच, तर चौथा भाग १० इंच. दहा दाहे १००. त्याला १४४ ने भागून ८ फूट लांबीने गुणलं की साडेपाच घनफूट येतात. खरं पाहता ओंडक्यात सात घनफूट लाकूड असतं. या मापात सुमारे एकवीस टक्के साल, कडेच्या फळ्या आणि भुसा म्हणून आधीच सोडलेले असतात. म्हणून व्यापारी या मापावर आणखी 'घट' कापू लागला, तर एकाच गोष्टीची वजाबाकी दोनदा होते आहे, हे त्याला सांगा. आणि दोरी बुंध्याला, मधोमध की शेंड्याकडे बांधतो, त्यावर डोळा ठेवा.

आता पत्राला उत्तर. ताई, परवाना नावावर होऊन जागेची मंजुरी मिळणार असेल आणि आसपास वर्षभर पुरेल एवढं लाकूड असेल, तरच यंत्राकडे बघा. नाहीतर मी गटाला आरा घ्या म्हणणार नाही. परवाना असलेल्या गिरणीत कटाईचे पैसे देऊन लाकूड कापून आणा. खरा फरक त्यानंतरच्या कामात पडतो आणि त्याला यंत्र लागत नाही. ओल्या फळ्या तशाच विकल्या तर ओल्या भावाने जातात. त्या सावलीत, जमिनीपासून हातभर उंच, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. पट्ट्या एकाखाली एक यायला हव्यात, नाहीतर फळ्या वाकतात. टोकांना जुना रंग फासा म्हणजे तडे कमी जातात. वर वजन ठेवा. आंब्याचं लाकूड तोडल्यावर लगेच कापून घ्या, पडून राहिलं की डाग आणि भुंगा दोन्ही धरतात. निलगिरी कापताना वाकते आणि फाटते, तिच्या फार लांब फळ्या मागू नका.

भुशाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. डब्यात मधोमध बाटली उभी करून भुसा दाबून भरायचा, बाटली काढली की शेगडी तयार. ती उघड्यावर पेटवा. कोरडा भुसा थेट शेतात मात्र टाकू नका, तो कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. शेणात मिसळून खड्ड्यात चांगला कुजू द्या, मग टाका. पत्रासोबत तुम्ही यंत्राचा फोटो पाठवला आहे, त्यात वरच्या चाकावर झाकण दिसत नाही. ते कुठे आहे, हे मालकांना विचारून कळवा.