छातीत कळ आली तर गांजा लपवू नका

वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी हे बंजारा बांधवांचे काशीक्षेत्र. रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते. व्यसनापासून दूर राहा, ही संत सेवालाल महाराजांची शिकवण येथे येणाऱ्यांना ठाऊक असते. तरीही गावोगावी, यात्रेजत्रेत "गांजा म्हणजे झाडपाला, त्याने काय होते?" असे म्हणणारे भेटतातच. अशा घरांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

चिलमीला गुंडाळलेले ओले फडके राख अडवते, धूर अडवत नाही. गांजा ओढणारा खोल दम घेतो आणि धूर छातीत कोंडून धरतो. त्यात बहुधा तंबाखूही मिसळलेली असते. अशाने फुप्फुसावर हवेचे नाजूक फुगे तयार होऊ शकतात. एखादा फुगा फुटला की हवा फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये साठते व फुप्फुस आकसते. प्रत्येकाला असे होत नाही, आणि यात गांजाचा वाटा किती, तंबाखूचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत हा धोका सुमारे २२ पट आढळला होता.

लक्षणे ओळखावीत. एका बाजूला अचानक तीव्र कळ येते, श्वास घेताना ती वाढते, दम लागतो. घरचे म्हणतात, गॅस झाला, उसण भरली. आणि चोळत बसतात. तसे करू नये. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. एक्स-रे काढला की निदान होते. हवा थोडी असेल तर डॉक्टर देखरेखीखाली ठेवतात. जास्त असेल तर सुईने किंवा नळी घालून काढतात. ओठ निळे पडले, शुद्ध हरपू लागली, तर क्षणाचाही उशीर जिवावर बेतू शकतो. एकदा झालेला आजार पुन्हा उलटू शकतो, म्हणून नंतर चिलीम आणि बिडी दोन्ही सोडलीच पाहिजेत.

१९८५ च्या कायद्याने गांजा ओढणे गुन्हा आहे. त्या भीतीने आणि लाजेने मुले डॉक्टरांपासूनही गोष्ट लपवतात. आईबापांनो, मुलाला रागवायला पुढे पुष्कळ वेळ आहे. त्या घटकेला त्याला एवढेच सांगा, "बाळा, डॉक्टरांना खरे सांग."