गोळीच्या पोटातलं वर्गमूळ
(लेखांक सहावा)

मागच्या आठवड्यात खडीसाखर पाण्यात कशी झिजते ते पाहिलं. या वेळी मी मेटफॉर्मिनची एसआर, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी गोळी कोमट पाण्याच्या पेल्यात टाकली. ती विरघळलीच नाही. थोड्या वेळात तिच्या अंगावर भिजवलेल्या सब्जासारखा बुळबुळीत थर चढला. दोन तासांनी सुरीने कापली, तर कडेला पारदर्शक जेल आणि मधोमध अजून कोरडा, पांढरा गाभा.

तो थर बहुतेकदा एचपीएमसी या पॉलिमरचा असतो. तो पाण्याने फुगतो आणि औषधाचे रेणू त्यातून वाट काढत बाहेर येतात; यालाच विसरण म्हणतात. कडेच्या रेणूंना दोन पावलं चालायची असतात, आतल्यांना बरीच. म्हणून वेग मंदावत जातो. किती मंदावतो, याचं सूत्र ताकेरू हिगुची यांनी १९६१ साली मांडलं, तेही गोळीसाठी नव्हे, मलमासाठी! औषध निघून गेलेला थर जितका जाड, तितका पुढचा वेग कमी. आणि तो थर वाढतो तोही याच वेगाने. हे गणित सोडवलं की जाडीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात येतो, म्हणजेच सुटलेलं औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. समजा पहिल्या तासात २० टक्के सुटलं, तर ४० टक्क्यांना चार तास लागतील आणि ६० टक्क्यांना नऊ. एवढ्या साध्या विचारातून एवढं निघतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण हिगुचींनी धरलेलं माध्यम फुगत नाही. माझी गोळी तर फुगली होती. १९८०च्या दशकात निकोलस पेप्पास आणि सहकाऱ्यांनी वर्गमुळाचा ०.५ हा घातांक मोकळा सोडला आणि तो प्रयोगातूनच काढायचा ठरवलं. पातळ चकतीत तो ०.५ आला तर विसरण, १ आला तर वेग सुरुवातीपासून स्थिर. लांबट गोळीसाठी हीच दोन टोकं ०.४५ आणि ०.८९ होतात, पण तिथे ०.८९ म्हणजे अगदी स्थिर वेग नव्हे. हे सूत्र पहिल्या साधारण ६० टक्के औषधापुरतंच वापरायचं. नुसता घातांक पाहून आत काय घडलं ते ठामपणे सांगणं मला पटत नाही. गोळी कापून पाहायलाच हवी.

माझी मावशी अशी गोळी गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून घ्यायची. कुटल्यावर लांबची वाट उरतच नाही. दिवसभराचं औषध लवकर सुटतं. तिला मळमळायचं, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नव्हतं. अखेर डॉक्टरांनी साध्या, लहान गोळ्या दिवसातून दोनदा अशा बदलून दिल्या.

पुढच्या आठवड्यात लेझरने भोक पाडलेली गोळी. तिचा वेग बराच काळ मंदावत नाही.